औषध एकाचे, डोके दुसऱ्याचे

वर्गात परवा एका मुलाने विचारले, "सर, लोक चोरून घेतातच, तर बॉक्सिंगमध्ये ताकदीची औषधे सगळ्यांनाच का घेऊ देत नाहीत? बरोबरी तरी होईल."

बंदीचा नियम कठोर आहे, हे खरे. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव २०१६ साली चाचणीत अडकला. अन्नपाण्यात कोणीतरी स्टेरॉइड मिसळले, असे त्याचे म्हणणे होते. 'नाडा'ने ते मान्य केले, पण क्रीडा लवादाने नाही. रिओतल्या कुस्तीच्या तोंडावर चार वर्षांची बंदी आली. अशा वेळी तपास अधिक चांगला व्हावा, अशी मागणी जरूर करावी. पण बंदीच उठवणे हा उपाय नव्हे.

धावपटूने स्टेरॉइड घेतले तर धोका मुख्यतः त्याच्याच हृदयाला आणि यकृताला. बॉक्सरची वाढलेली ताकद मात्र समोरच्याच्या डोक्यावर बसते. मुहम्मद अलींना बेचाळिसाव्या वर्षी पार्किन्सनचे निदान झाले. त्यात ठोशांचा वाटा किती, यावर वाद असेल. पण ठोसे आणखी जड व्हावेत, असे कोण म्हणेल?

शिवाय परवानगी मिळाली की तिची सक्ती होते. ज्याला औषध नको, त्यालाही हरायचे नसेल तर घ्यावेच लागेल. महागडा डॉक्टर ज्याला परवडेल तोच पुढे जाईल. मग कसली बरोबरी?

शरीर ही अल्लाहची अमानत आहे, असे आपण मानतो. समोरच्याचे शरीरही अमानतच आहे. त्या मुलाला मी एवढेच सांगितले.