हाडातला थेंब

आम्हां सूक्ष्मदर्शकवाल्यांना रोगी सहसा भेटत नाही. भेटतो तो त्याचा थेंब. सराफासारखे डोळ्याला भिंग लावायचे आणि खरे-खोटे सांगून मोकळे व्हायचे. सराफ चुकला तर पैसा जातो. आम्ही चुकलो तर काय जाते, ते मला 1994 साली एका शाळामास्तरांनी शिकवले.

मी तेव्हा नवखा होतो. मास्तर चाळिशीचे, शाकाहारी, त्यातून दूधही न घेणारे. चेहरा पांढराफटक, जिना चढताना धाप, पायांना मुंग्या. हिमोग्लोबिन 4, पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेटही कमी. तिन्ही घसरले म्हणजे रक्ताच्या कर्करोगाची शंका येतेच. कमरेच्या हाडात मागून सुई घातली. कातडी आणि हाडावरचे आवरण बधिर करता येते. पण पिचकारीने मज्जा ओढताना जी कळ उठते ती सोसावीच लागते. मास्तरांनी ती ब्रही न काढता सोसली.

काचपट्टी रंगवून पाहिली, तर मोठाल्या कोवळ्या पेशींची नुसती जत्रा! मनातल्या मनात मी 'ल्युकेमिया' लिहूनही टाकले. शेजारी आमच्या वरिष्ठ बाई बसत. त्यांनी भिंगाला डोळा लावला आणि एवढेच विचारले, "अरे, पाचशे मोजल्यास का?"

मी शंभरावरच थांबलो होतो.

"मोज."

मोजता मोजता चूक उमगली. पेशी थोराड होत्या खऱ्या, पण त्या कर्करोगाच्या नव्हत्या. पेशीचे अंग हिमोग्लोबिनने गुलाबी होऊ लागलेले, आणि केंद्रक मात्र चाळणीसारखे विरळ, पोरसवदा. मिशा फुटलेल्या माणसाला तान्ह्याचे डोके बसवावे तसे! हे मेगॅलोब्लास्ट. बी-12 किंवा फोलिक ॲसिड कमी पडले की केंद्रकातले डीएनए वेळेवर तयार होत नाही. अंग वाढते, केंद्रक मागे राहते.

वाचकहो, या विकाराचे मुंबईशी जुने नाते आहे. 1928 साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टरीण इथे आली. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायांचा पांडुरोग तिने अभ्यासला, आणि मार्माइट या यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे 1931 साली जगाला सांगितले. त्या अर्कातले गुणकारी द्रव्य म्हणजे फोलिक ॲसिड, हे पुढे कळले. मास्तरांच्या बाबतीत मात्र उणीव होती बी-12ची. तिथे नुसते फोलिक ॲसिड दिले असते, तर रक्त सुधारल्यासारखे दिसले असते आणि मज्जातंतू बिघडतच राहिले असते.

इंजेक्शने सुरू झाली. आठवड्यात रक्तात नव्या तांबड्या पेशी दिसू लागल्या. पायांच्या मुंग्या मात्र पुरत्या गेल्या नाहीत.

काही महिन्यांनी मास्तर स्वतःच्या पायांनी जिना चढून आले. आपली जुनी काचपट्टी पाहायचा हट्ट धरला. बराच वेळ भिंगाला डोळा लावून म्हणाले,

"डॉक्टर, अंगाने वाढलेले आणि डोक्याने मागे राहिलेले. हा तर माझाच सातवीचा वर्ग!"