इंधन मोजून मिळाले तेव्हा

इंधनाचा किंवा धुराचा नवा निकष आला की वाहन उद्योगाची तक्रार ठरलेली: नियमांनी अभियंत्यांचे हात बांधले. १९८८चा फॉर्म्युला वन हंगाम या तक्रारीच्या आड येतो. टर्बो इंजिनांचे ते अखेरचे वर्ष, आणि नियम उघडउघड त्यांच्या विरोधात. साडेतीन लिटरच्या बिनटर्बो इंजिनांना इंधनाची मर्यादा नव्हती, शिवाय त्यांच्या गाड्यांना ४० किलोंची सूट. दीड लिटरच्या टर्बोला मात्र अख्ख्या शर्यतीला १५० लिटर, आणि टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब आदल्या वर्षीच्या ४ बारवरून थेट २.५ बारवर. तरी सोळाही शर्यती टर्बोनेच जिंकल्या: पंधरा होंडाचे आरए१६८ई इंजिन बसवलेल्या मॅक्लारेनने, एक फेरारीने.

हे कसे जमले? दाबाला धरबंध नव्हता तेव्हा, १९८६मध्ये, बीएमडब्ल्यूचे चार सिलिंडरांचे इंजिन पात्रता फेरीत तेराशेहून अधिक अश्वशक्ती देई असा अंदाज आहे; मोजक्या फेऱ्यांत ते निकामी झाले तरी चालत असे. सिलिंडर थंड राहावेत म्हणून जादा पेट्रोल ओतणे हीदेखील त्या काळची सर्रास युक्ती. ही चैन संपल्यावर होंडाने थेंबाथेंबाचा हिशेब मांडला. दाब उतरल्यामुळे कॉम्प्रेशन वाढवता आले. इंधनात मुख्यतः टोल्युइन होते. ते नॉकिंग (सिलिंडरमध्ये इंधनाचा अवेळी भडका) रोखते, पण त्याची वाफ सहज होत नाही. म्हणून इंधन तापवून आत सोडले, आणि थंड हवेने ताकद वाढते हे ठाऊक असूनही आत येणारी हवा मुद्दाम कोमट ठेवली. ताकद सातशे अश्वशक्तीच्याही खाली आली, पण तीनशे किलोमीटरची शर्यत पुरी झाली. लिटरला दोन किलोमीटरचे ॲव्हरेज ऐकून हसू येईल; १९८४मध्ये तेवढ्याच अंतरासाठी २२० लिटरची मुभा होती.

यावर कोणी म्हणेल, श्रेय मॅक्लारेनचे चालक सेना आणि प्रोस्ट यांचे, त्यांच्या बुटक्या गाडीचे. तेच इंजिन वापरणाऱ्या लोटस संघाला एकही शर्यत जिंकता आली नाही, हे खरेच आहे. बिनटर्बो इंजिने तेव्हा पुरती तयार नव्हती, हेही मान्य. म्हणून विजयांचा आकडा मी निर्णायक मानत नाही. चार वर्षांत इंधनाची मुभा जवळपास एक तृतीयांशाने घटली आणि तरी शर्यतीचा वेग टिकला, हा पुरावा मात्र चालक किंवा गाडीच्या नावावर खपवता येत नाही.

अर्थात प्रत्येक बंधन शहाणे नसते. किती जाळायचे ते सांगून कसे जाळायचे ते मोकळे ठेवणारा नियम मला योग्य वाटतो. फॉर्म्युला वनच्या २०१४च्या नियमांत तो शर्यतीला शंभर किलो इंधनाच्या मर्यादेच्या रूपाने होता, आणि २०१७मध्ये मर्सिडीजने चाचणी-मंचावर पन्नास टक्क्यांहून अधिक औष्णिक कार्यक्षमता गाठली. पण त्याच नियमांनी सिलिंडर किती आणि त्यांच्यातला कोन किती हेही ठरवून टाकले होते. तिथे अभियंत्यांची कुरकुर रास्तच होती.