स्पीकरही लावावा लागतो

मराठीत ‘लावणे’ या क्रियापदाला गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी फार मोठा अर्थ दिला आहे. तंबोरा लावतात, तबला लावतात, सूर लावतात. मिरजेच्या निष्णात कारागिराने घडवलेला तंबोरा घरी आणला म्हणजे काम संपले, असे कुणी मानत नाही. गायक बैठकीवर बसला की आधी खुंट्या पिळतो, मणी सरकवतो, घोडीवर तारेखालचा सुताचा दोरा केसभर पुढे-मागे करतो. चारही तारा एकमेकींत मिसळल्याशिवाय गाणे सुरू होत नाही. स्पीकरच्या बाबतीत मात्र ‘लावला’ म्हणजे बटण दाबले, एवढाच अर्थ उरला आहे. काही लाखांची जोडी शोरूममधून घरी येते, टीव्हीच्या दोन बाजूंना भिंतीला टेकून उभी राहते आणि महिनाभरात तक्रार सुरू होते की दुकानात होता तसा आवाज घरी येत नाही. मग अ‍ॅम्प्लिफायर बदलायचा, मग वायर बदलायची, मग त्याहून महाग स्पीकरची चौकशी. माझे म्हणणे असे की या खर्चाचा क्रमच उलटा आहे. घरात ऐकू येणारा आवाज स्पीकर आणि खोली मिळून घडवतात, आणि खर्जाकडच्या स्वरांत तर खोलीचा वाटा बहुतेक वेळा स्पीकरपेक्षा मोठा असतो. म्हणून आधी खोली पाहावी, मग खोलीतली जागा, मग स्पीकर. किमतीची पाटी शेवटी वाचावी.

हा मताचा भाग नाही, साध्या गुणाकार-भागाकाराचा आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, आपल्या उकाड्यात किंचित जास्त. खालच्या स्वरांची लाट स्पीकरमधून फक्त पुढे जात नाही, ती चहूकडे पसरते. मागच्या भिंतीवर आपटून ती परत येते आणि पुढे निघालेल्या लाटेला गाठते. खालचे स्वर देणारा वूफर त्या भिंतीपासून दोन फुटांवर असेल, तर ज्या स्वराची तरंगलांबी या अंतराच्या चौपट आहे, त्याची परतलेली लाट नेमकी उलटी पडते आणि मूळ लाटेला खाऊन टाकते. दोन फुटांसाठी हा स्वर १४० हर्ट्झच्या आसपास येतो. आता काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज पाहा. तो १३८.६ हर्ट्झचा असतो. ज्या षड्जावर सगळी मैफल उभी, तोच पोकळ ऐकू येतो आणि दोष बिचाऱ्या स्पीकरच्या माथी जातो. तोच स्पीकर अर्धा फूट पुढे घेतला की खड्डा त्या षड्जावरून हलतो. तो नाहीसा होत नाही, दुसऱ्या स्वराकडे सरकतो. म्हणूनच मागच्या आणि बाजूच्या भिंतीपासूनची अंतरे सारखी ठेवू नयेत, नाहीतर दोन खड्डे एकाच ठिकाणी पडतात.

खोलीची स्वतःचीही एक सुरावट असते. आपल्याकडच्या फ्लॅटमधला सोळा फूट बाय दहा फुटांचा हॉल घ्या. त्याच्या लांबीत साधारण ३५ आणि ७० हर्ट्झचे स्वर उभ्या लाटा धरून बसतात, रुंदीत ५६ चा. यांतला ७० चा स्वर दोन्ही टोकांच्या भिंतींशी आणि हॉलच्या मध्यावर फुगतो, तर कोणत्याही टोकापासून चार फुटांवर जवळजवळ नाहीसा होतो. तबल्याची साथ ऐकताना हे लगेच कळते. डग्ग्यावर मनगट सरकवून घिस्सा काढला की स्वर खालून वर चढत जातो. खोलीची साथ चांगली असेल तर ती चढण सलग ऐकू येते, नसेल तर मध्येच एक गडगडाट होतो आणि पुढचे काही ऐकूच येत नाही. आपण सोफा भिंतीला चिकटवून ठेवतो, आणि नेमक्या भिंतीशीच खोलीचे सगळे खालचे स्वर फुगलेले असतात. मग घुमारा वाढला की ‘बास जास्त आहे’ असे म्हणून आपण स्पीकर बदलायला निघतो. बदलायची असते ती बसण्याची जागा, तीही दोन-अडीच फुटांनी.

खालच्या स्वरांचे हे असे, तर वरच्या स्वरांत खोलीचे पृष्ठभाग बोलतात. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे फॉग कलासंग्रहालयातल्या व्याख्यानगृहाची तक्रार आली. तिथे बोललेले शब्द कळत नव्हते, कारण रिकाम्या दालनात आवाज साडेपाच सेकंद रेंगाळत असे. सॅबिनने शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, त्या दालनात मांडल्या आणि प्रत्येक वाढीव गादीमागे घुमण्याचा काळ किती घटतो ते मोजले. त्यातून निघालेले सूत्र आजही नाट्यगृहे बांधताना वापरतात; १९०० मध्ये सुरू झालेला बोस्टनचा सिंफनी हॉल त्याच्या सल्ल्याने उभा राहिला. हेच सूत्र आपल्या हॉलला लावून पाहावे. व्हिट्रिफाइड टाइल आणि गुळगुळीत गिलावा अंगावर आलेल्या आवाजाचा शंभरातला फार थोडा भाग शोषतात, बाकीचा परत फेकतात. सामान नसलेला हॉल दोन-तीन सेकंद घुमतो. जाड गालिचा, भरघोस पडदे, कापडी सोफा आणि पुस्तकांनी भरलेले कपाट आले की हाच काळ अर्ध्या सेकंदाच्या आसपास येतो. जुन्या बैठकीचा दिवाणखाना आठवावा. जाजम, गाद्या, लोड, तक्के आणि दाटीवाटीने बसलेले श्रोते यांमुळे तिथे गायकाचा शब्द न् शब्द पोचत असे, तोही मायक्रोफोनशिवाय. आपण त्या गाद्या काढल्या, काचेसारखी चकचकीत फरशी बसवली, आणि आता पाच लाखांच्या स्पीकरकडून बैठकीची अपेक्षा करतो आहोत.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: चांगला स्पीकर चांगलाच असतो, त्याची किंमत उगीच का असते? स्पीकर-स्पीकरमध्ये खरा फरक असतो, हे मी पूर्ण मान्य करतो. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी त्यावर आयुष्य घालवले. पण त्यांचे निष्कर्ष किमतीच्या बाजूने जात नाहीत. त्यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या प्रयोगात चाळीस जणांनी चार स्पीकर आधी पडद्याआड आणि मग डोळ्यांसमोर ऐकले. पडद्याआड चांगला ठरलेला छोटा संच दिसू लागताच गुणांत घसरला, मोठ्या देखण्या पेट्या वर गेल्या. मला याहून महत्त्वाची वाटते ती त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट. स्पीकर दिसत नव्हते तेव्हा त्यांची खोलीतली जागा बदलली की श्रोत्यांचे गुणही बदलत. स्पीकर दिसू लागले तसे जागेकडे कानाचे लक्षच कमी झाले. कानाला जागेचा फरक कळत होता, डोळ्याने तो दाबून टाकला. हे संशोधन स्पीकर बनवणाऱ्या हरमन कंपनीत झाले म्हणून कुणी त्याकडे संशयाने पाहील. पण ते चाळीस जण त्याच कंपनीचे कर्मचारी होते, आणि प्रयोगाने उघडे पाडले ते त्यांचेच पूर्वग्रह. मालाची जाहिरात करायची असती तर कुणी असला निकाल छापला नसता.

दुसरा आक्षेप रुचीचा. ज्याचा त्याचा कान वेगळा, मग चांगल्या-वाईटाची चर्चा कशाला? संगीताची आवड वेगळी असते, त्याबद्दल वाद नाही. पण आवाजाच्या खरेपणाबाबत माणसांचे आश्चर्यकारक एकमत होते. ऑलिव्ह यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २६८ श्रोते होते, शिकवून तयार केलेले आणि अगदी नवखेही. तयार कानांनी फरक जास्त ठामपणे सांगितला, पण चार स्पीकरचा क्रम दोन्ही गटांनी साधारण सारखाच लावला. पुढच्याच वर्षी सत्तर स्पीकरच्या मोजमापांवरून त्यांनी श्रोत्यांची पसंती बऱ्याच अचूकपणे आधीच सांगून दाखवली. ज्याचा आवाज समोर सपाट आणि बाजूंना सावकाश, सलग उतरत जातो, तो स्पीकर लोकांना आवडतो. ही माहिती आलेखात दिसते आणि ग्राहकाला ती मागण्याचा हक्क आहे. लाखो रुपये घेणारा विक्रेता लाकडाच्या पॉलिशबद्दल अर्धा तास बोलतो आणि आलेख मागितला की गप्प होतो, हे खपवून घेऊ नये.

तिसरा आक्षेप नव्या काळाचा आहे. आता मायक्रोफोन लावून खोली मोजणारी आणि आवाज आपोआप सुधारणारी यंत्रे मिळतात, मग हा सगळा खटाटोप कशाला? ही यंत्रे उपयोगी आहेत, विशेषतः खालच्या स्वरांतले फुगवटे उतरवायला. पण लाटांनी एकमेकींना खाऊन पडलेला खड्डा ती भरू शकत नाहीत. दहा डेसिबलचा खड्डा भरायचा तर दहापट शक्ती ओतावी लागते, आणि ओतलेली शक्तीही त्याच भिंतीवरून उलटून तशीच नाहीशी होते. शिवाय एका खुर्चीसाठी केलेली दुरुस्ती शेजारच्या खुर्चीवर बिघाड ठरू शकते. मोजणारे यंत्र जरूर वापरावे, पण पेट्या जागेवर बसवून झाल्यावर.

राहिला घराचा प्रश्न, आणि तो मला सगळ्यात वजनदार वाटतो. हॉल घरातल्या सर्वांचा असतो. तिथे मुले अभ्यास करतात, पाहुणे बसतात, सणाला ताटे मांडली जातात. एका माणसाच्या छंदासाठी तो स्टुडिओ होऊ शकत नाही. अगदी बरोबर. म्हणूनच खोलीला पेलेल एवढाच स्पीकर घ्यावा. बीबीसीने १९७० च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीतल्या अरुंद जागेसाठी एलएस३/५ए हा जेमतेम फूटभर उंचीचा स्पीकर तयार केला. त्याच्याकडून खोल खर्जाची अपेक्षाच ठेवली नव्हती. माणसाचा आवाज खरा यावा, एवढेच पाहिले होते. पन्नास वर्षांनंतरही लोक तो हौसेने ऐकतात. दीडशे चौरस फुटांच्या खोलीत माणसाच्या उंचीची पेटी आणून तिच्या घुमाऱ्याशी भांडत बसण्यापेक्षा स्टँडवरचा नेटका छोटा स्पीकर घरालाही सोसतो आणि गाण्यालाही. गालिचा, पडदे आणि पुस्तकांचे कपाट तर कुणाच्याच घरात नकोसे होत नाहीत.

निवड करताना काय ऐकावे, यावरही आपण आपल्या संगीताचा आधार घ्यावा. शोरूममध्ये वाजतात ती परदेशी चाचणीची गाणी कुठल्याही पेटीवर झकास वाटतील अशीच निवडलेली असतात. त्याऐवजी तंबोऱ्याची संथ आस आणि ओळखीच्या गायकाचा नुसता आलाप लावावा. घोडीच्या जवारीतून उमटणाऱ्या वरच्या स्वरांचा तो मुलामा फार नाजूक असतो, स्पीकर कर्कश असेल तर तो लगेच टोचू लागतो. सी. व्ही. रामन यांनी शंभर वर्षांपूर्वी तंबोऱ्याच्या या रुंद घोडीचा अभ्यास केला, तोही तिच्यातून निघणाऱ्या या स्वरसमृद्धीमुळेच. आपल्याकडचा जुन्या गायकांचा ठेवा बहुतांश मोनो, म्हणजे एकाच स्पीकरवर पूर्ण ऐकता येणारा आहे, आणि ती अडचण नसून सोय आहे. एकच स्पीकर एकट्याने ऐकला तर त्याचे दोष जोडीपेक्षा जास्त उघड होतात, हे टूल यांनीच दाखवून दिले आहे. आणखी एक जपावे. दोन स्पीकरची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा मोठा असल्याची खात्री करावी, कारण थोडा मोठा आवाज कानाला नेहमीच जास्त चांगला वाटतो.

पेट्या घरी आल्यावर दोन्हींपासून आपले कान सारख्याच अंतरावर हवेत. एका फुटाच्या फरकाने आवाज जवळजवळ एक सहस्रांश सेकंद उशिरा पोचतो, आणि तेवढ्याने मधोमध बसलेला गायक उठून जवळच्या पेटीत जाऊन बसतो. वरचे स्वर देणारा ट्वीटर बसल्या कानाच्या उंचीला असावा. बहुतेक स्टँड खुर्चीच्या हिशेबाने केलेले असतात, गादीवर मांडी घालून ऐकणाऱ्याने बुटके स्टँड घ्यावेत किंवा पेटी पुढे थोडी कलती करावी. वायर योग्य जाडीची असली की झाले, तिच्यावर हजारो रुपये घालू नयेत.

ज्यांच्या घरी आधीच चांगले स्पीकर आहेत, त्यांना एक विनंती. नवीन काही विकत घेण्याआधी येत्या रविवारी मोजपट्टी आणि चिकटपट्टी घ्या. आजच्या जागेवर खूण करा, एक ओळखीचा विलंबित ख्याल सुरू करा, पेट्या सहा-सहा इंच पुढे घेत जा, सोफा भिंतीपासून दोन फूट सोडवा, आणि प्रत्येक वेळी षड्ज आणि डग्गा ऐका. जिथे दोन्ही भरीव वाटतील तिथे नवी खूण करा.