चमत्कार की चाळीस वर्षे?

विज्ञानाची निंदा करणाऱ्यांपेक्षा त्याची भलती स्तुती करणारे मला अधिक धोक्याचे वाटतात. निंदकाला निदान उत्तर देता येते; या भाटांना काय सांगावे? सध्या त्यांनी नवा पोवाडा आरंभला आहे. इलेक्ट्रॉनांना वेग देणारे कोसभर लांबीचे यंत्र म्हणे आता टेबलावर मावणार, आणि उद्या गावोगावच्या इस्पितळांत कर्करोगाचा फडशा पाडणार!

यात खरे किती, ते आधी पाहू. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे 1966 साली सुरू झालेले यंत्र तीन किलोमीटरांहून लांब आहे. ही लांबी कोणी हौसेने वाढविलेली नाही. तांब्याच्या पोकळ्यांतून इलेक्ट्रॉन ढकलताना जोर फार वाढविला तर ठिणग्या पडतात. म्हणून बेताने, पण लांबवर ढकलावे लागते. 1979 साली ताजिमा आणि डॉसन यांनी निराळी वाट सुचविली. अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या वायूला प्लाझ्मा म्हणतात. जे आधीच फुटले, ते आणखी काय फुटणार? त्यात प्रखर लेसरचा निमिषमात्र झोत सोडला की होडीमागे पाणी उसळावे तशी लाट उठते, आणि इलेक्ट्रॉन तिच्यावर स्वार होऊन धावतात. बर्कलेच्या प्रयोगशाळेत 2019 साली अवघ्या 20 सेंटिमीटरांत त्यांना 7.8 अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळाली. स्टॅनफर्डच्या हिशेबाने त्याला अर्धा किलोमीटर लागला असता.

मग भाटांचे चुकले कुठे? अंतर वीतभर, हे खरे. पण त्या वितीमागचा लेसर मोठे दालन अडवून बसतो, सेकंदाला एकच झोत सोडतो, आणि खाल्लेल्या विजेचा शंभरावा हिस्साही प्रकाशरूपाने परत देत नाही. नवरदेव घोड्यावर मावला म्हणून सारे वऱ्हाडही मावते की काय?

आणि इस्पितळांचे म्हणाल, तर तेथली इलेक्ट्रॉन-यंत्रे आजच एका खोलीत मावतात. शरीरात अधिक खोल पोचणारे किरण या नव्या मार्गाने मिळतील काय, याचा शोध चालू आहे. पण शोध म्हणजे औषध नव्हे. दुखणाईताच्या घरच्यांना खोटी आशा दाखविणे याला मी क्रूरपणा म्हणतो.

खरी नवलाई या भाटांना दिसतच नाही. ताजिमा-डॉसन यांच्या कल्पनेला हवा तसा लेसर 1979 साली नव्हताच. झोत आधी ताणायचा, मग वाढवायचा, मग दाबायचा, ही युक्ती डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी 1985 साली दाखविली. नोबेल पारितोषिक मिळाले 2018 साली. जवळपास सारख्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन हाती यायला 2004 साल उजाडले.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातही प्रखर लेसर व प्लाझ्मा यांवर काम चालते. तुमच्या-आमच्या पैशांनी चालते. आज टाळ्या पिटणारेच उद्या ‘कुठे आहे तुमचा चमत्कार?’ म्हणून हिशेब मागतील, आणि कात्री लागेल ती मुकाट्याने काम करणाऱ्यांच्या अनुदानाला.

तेव्हा वाचकहो, सुटीत घरातल्या मुलांना हे नवल जरूर सांगा. फक्त वीतभर अंतर सांगाल, तेव्हा ते तोडायला लागलेली चाळीस वर्षेही सांगा.