स्वस्त चहा का नाकारला गेला?

करांचा बोजा असह्य झाला की प्रजा बंड करून उठते, असा एक सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेतील १३ ब्रिटिश वसाहतींनी ४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याची घोषणा केली, तिचे कारणही बहुधा असेच सांगितले जाते. वस्तुस्थिती मात्र याच्या जवळजवळ उलट आहे. या वसाहतींतील करभार इंग्लंडमधील करदात्यांच्या मानाने कितीतरी हलका होता. आणि ज्या चहावरून संघर्ष विकोपाला गेला, तो चहा तर पूर्वीपेक्षा स्वस्त होणार होता.

सप्तवार्षिक युद्ध १७६३ साली संपले तेव्हा ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज जवळजवळ दुप्पट झाले होते. संरक्षणखर्चाचा काही वाटा वसाहतींनी उचलावा, ही लंडनची मागणी निव्वळ हिशेबाच्या दृष्टीने गैर म्हणता येत नाही. त्यासाठी १७६५ साली दस्तऐवज, परवाने व वृत्तपत्रे यांवर कर बसविणारा मुद्रांक कायदा करण्यात आला. प्रतिकार इतका तीव्र झाला की, दुसऱ्याच वर्षी तो मागे घ्यावा लागला. तथापि, वसाहतींवर सर्व बाबतींत बंधनकारक कायदे करण्याचा अधिकार पार्लमेंटला आहे, असे बजावणारा दुसरा कायदा त्याच वेळी संमत झाला. म्हणजे राज्यकर्त्यांनी पैशावर पाणी सोडले, पण हक्क सोडला नाही; आणि वसाहतींचा आक्षेप नेमका या हक्कालाच होता. त्यांच्या स्वतःच्या निर्वाचित विधानसभा होत्या व कर बसविण्याचे काम त्या करीत आल्या होत्या. ज्या पार्लमेंटमध्ये आपला एकही प्रतिनिधी नाही, तिला तो अधिकार पोचत नाही, अशी त्यांची भूमिका होती.

१७६७ साली काच, कागद, रंग, शिसे व चहा यांवर जकाती लादण्यात आल्या. १७७० मध्ये बाकीच्या उठल्या. चहावरील दर रतली ३ पेन्सांची जकात तेवढी हक्काची खूण म्हणून राहिली.

येथे या प्रकरणाचा धागा बंगालपर्यंत पोचतो. १७७० च्या भीषण दुष्काळानंतर ईस्ट इंडिया कंपनी आर्थिक संकटात सापडली. लंडनच्या वखारींत तिचा सुमारे १ कोटी ७० लाख रतल चिनी चहा पडून होता. तिला सावरण्यासाठी १७७३ च्या चहा कायद्याने तो परस्पर अमेरिकेत विकण्याची सवलत देण्यात आली. इंग्लंडमधील जकात माफ झाल्याने हा चहा चोरट्या डच चहाशीही स्पर्धा करू शकला असता. परंतु तो विकत घेणे म्हणजे ३ पेन्सांबरोबर पार्लमेंटचा हक्कही मान्य करणे होते. १६ डिसेंबर १७७३ रोजी बोस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या समुद्रार्पण झाल्या.

या विरोधात चोरट्या व्यापाऱ्यांचे आणि मक्तेदारीची धास्ती घेतलेल्या दुकानदारांचे हितसंबंध गुंतलेले होते, हे खरेच आहे. परंतु १७७४ साली बोस्टन बंदर बंद करून आणि मॅसॅच्युसेट्सची सनद बदलून सरकारने सर्वांनाच दाखवून दिले की, विधानसभा असणे वा नसणे हेही लंडनच्याच मर्जीवर अवलंबून आहे. त्यानंतर १२ वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात एकत्र आले आणि एप्रिल १७७५ मध्ये लेक्सिंग्टन येथे गोळीबार झाला.

याउलट, बंगालच्या रयतेपाशी नाही म्हणण्याचे कोणतेही साधन नव्हते. दुष्काळानंतर १७७१ मधील महसुलाची निव्वळ वसुली १७६८ पेक्षाही अधिक झाली, असे खुद्द वॉरन हेस्टिंग्जनेच लंडनला कळविले होते. यॉर्कटाऊनला १७८१ साली शरण गेलेला कॉर्नवॉलिस पुढे १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन भारतात आला, आणि १७९३ मध्ये त्याने कायमधाऱ्याची पद्धत लागू केली. तीबाबत शेतकऱ्याला कोणी विचारले नाही.

संमतीचे हे तत्त्व अमेरिकेनेही पूर्णपणे पाळले नाही. गुलामगिरी तेथे १८६५ पर्यंत टिकली, आणि ज्यांच्या श्रमावर संपत्ती उभी राहिली त्यांना मत नव्हते. पण त्यामुळे तत्त्व खोटे ठरत नाही. ते अपुरे राबविले गेले, एवढेच सिद्ध होते. कर हलका आहे, हे उत्तर पुरेसे मानणाऱ्या प्रत्येक शासनाने म्हणूनच बोस्टनचा हा स्वस्त चहा ध्यानात ठेवावा. कराचा दर किती, याआधी तो कोणाच्या संमतीने ठरला, या प्रश्नाचे उत्तर नागरिकाला मिळाले पाहिजे.