ट्रम्पेटला वेळ द्या, बंदी नको

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या सोसायट्यांत जुना ट्रम्पेट पुन्हा हाती घेतला की पहिली तक्रार शेजारून येणार. ती गैर नाही. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५, रात्री १० ते सकाळी ६ दरम्यान ४५ डेसिबल; खोलीतला मोकळा ट्रम्पेट ९० सहज ओलांडतो. तरी सरसकट बंदी हा उपाय नव्हे. मोठ्या खंडानंतर ओठांचे स्नायू लवकर थकतात. त्यांना बळ येते ते रोजच्या थोड्या, संथ, लांब सुरांनीच. कर्ण्यात प्रॅक्टिस म्यूट बसवला की आवाज बराच दबतो. मात्र त्याने फुंक अडते, सूरही चढतो. म्हणून अधूनमधून मोकळे वाजवावेच लागते. पहाटेची लोकल पकडणारे, रात्रपाळीवाले झोपणार कधी, हा आक्षेप रास्तच. त्यासाठीच सोसायटीने संध्याकाळचा अर्धा तास ठरवून द्यावा. ड्रिलिंग आणि डीजे खपवून घेणाऱ्यांना एवढे जड जाऊ नये.