सेवाभावाला हिशेबाची जोड

‘सामाजिक उद्योजकता’ हा शब्द आता विद्यापीठांत रुळला आहे. नफा हे साध्य नसून साधन आहे असे मानून समाजाचा अथवा पर्यावरणाचा प्रश्न सोडवू पाहणारा उद्योग, असा त्याचा अर्थ. २००६ साली मुहम्मद युनूस आणि त्यांच्या ग्रामीण बँकेला नोबेल शांतता पारितोषिक मिळाले आणि या विचाराला जगभर प्रतिष्ठा लाभली. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २००७ साली या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. त्याआधीच, २००३ साली, कॅलिफोर्नियातील सांता क्लारा या येशूसंघीय विद्यापीठाने अशा उद्योजकांसाठी प्रशिक्षण आरंभिले होते.

सांता क्लारामध्ये केवळ व्याख्यानांवर भागत नाही. सिलिकॉन व्हॅलीतील अनुभवी व्यावसायिक प्रशिक्षणार्थींचे मार्गदर्शक होतात आणि खर्च, किंमत, भांडवल यांची त्यांच्यासह छाननी करतात. आम्हास हे योग्य वाटते. सद्हेतूने सुरू झालेले कित्येक उपक्रम देणग्या आटताच बंद पडतात, ते हिशेब कच्चा राहिल्यामुळेच.

परंतु हिशेब मांडायचा कोणाच्या जीवनाचा? हरीश हांडे यांनी अमेरिकेत ऊर्जाविषयक उच्च शिक्षण घेतले आणि १९९५ साली कर्नाटकात ‘सेल्को’ ही सौरऊर्जा कंपनी उभारली. गरिबाला जड जाते ती एकरकमी किंमत. कमाईच्या चालीने हप्ता बांधून दिला तर सौरदिवा त्यालाही परवडतो, हे त्यांना ग्राहकांच्या सहवासात उमगले. त्यासाठी त्यांनी ग्रामीण बँकांना कर्ज देण्यास राजी केले.

सातारा जिल्ह्यातील म्हसवडच्या महिलांची कथा याहून बोलकी आहे. प्रवर्तक महिला निरक्षर असल्याने त्यांच्या बँकेचा परवाना आधी नाकारला गेला. चेतना गाला सिन्हा यांच्यासह त्या अक्षरे शिकल्या, व्याजाची आकडेमोड त्यांनी तोंडी करून दाखविली आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पुढे ग्रामीण महिलांसाठी त्यांनी स्वतःची उद्योगशाळाही काढली.

येथेच विद्यापीठांची कसोटी आहे. इंग्रजी आणि पदवी यांच्या अटीमुळे प्रश्न जवळून जाणणारी माणसे वर्गाबाहेर राहतात, आणि वर्गात बसलेल्यांना प्रश्न पुस्तकातूनच भेटतो. आमच्या मते महाविद्यालयांनी बचत गटातील भगिनी, मच्छीमार आणि शेतकरी यांच्यासाठी मराठीतून अल्पमुदतीचे वर्ग काढावेत. आणि व्याख्याता म्हणूनही त्यांना सन्मानाने पाचारण करावे. आपल्या सुशिक्षित तरुणांनी या दोहोंमधील दुवा व्हावे. सेवेची परंपरा आपल्याकडे आहेच; तिला चोख हिशेबाची जोड मिळाली, तर ती देणगीदारांच्या मर्जीवर अवलंबून राहणार नाही.